डिकिन्सन वाचन : 1863 मध्ये अडकलोय

संपादक फ्रँकलिनच्या 1998 च्या आवृत्तीत अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनच्या 1789 कविता आहेत. त्याच्या कालगणनेप्रमाणे एकट्या 1863 मध्येच जवळपास तीनशे, आणि मी सध्या त्या ढिगाऱ्यात आहे. दिवसाला दोन-तीन कविता, त्याहून जास्त झेपत नाहीत.

या खेपेला विषयवार वाचायचं नाही, असं ठरवून बसलो होतो आणि ते फळतंय. 1886 मध्ये ती गेल्यावर बहीण लॅव्हिनियाला हाताने शिवलेल्या वह्या सापडल्या, चाळीसेक, शिवाय सुटे कागद. टॉड आणि हिगिन्सन या संपादकांनी 1890 मध्ये त्यातून पहिलं पुस्तक काढलं, तेव्हा जीवन, प्रेम, निसर्ग आणि 'काळ आणि अनंत' असे चार कप्पे पाडले, काही कवितांना मथळे चिकटवले, विरामचिन्हं वळणावर आणली. ते कप्पे आपल्या डोक्यातून अजून गेलेले नाहीत. 'तिच्या मृत्यूच्या कविता' असं आपण आजही सहज म्हणून जातो.

तेरावी वही बघा. आशेला पंखवाला जीव म्हणणारी कविता तिच्यात आहे आणि हिवाळी दुपारच्या तिरप्या उजेडाचीही. कप्प्यांच्या हिशेबात पहिली गेली जीवनात, दुसरी निसर्गात. वहीत मात्र दोघी शेजारणी. पक्षी वादळातही गात राहतो, मोबदल्यात दाणाही मागत नाही; आणि त्याच वहीत तो उजेड कॅथीड्रलमधल्या सुरांचं ओझं घेऊन येतो, दुखावतो आणि व्रणही ठेवत नाही. आपल्याकडे थंडीतलं ऊन मुद्दाम अंगावर घेतात, त्यामुळे ही कविता मला बरीच वर्षं परकी वाटायची. तिच्या गावी, ॲमहर्स्टला, डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो, हे लक्षात घेऊन वाचली तर ती निसर्गाच्या कप्प्यात मावत नाही.

सगळ्यात जास्त रेंगाळलो ते बग्गीच्या कवितेवर. बग्गीत मृत्यू, ती आणि अमरत्व. शाळेतली मुलं, उभं पीक, मावळता सूर्य एकेक करून मागे पडतात. 1890 च्या पुस्तकात यातलं चौथं कडवंच गाळलं होतं, आणि माझ्या मते सगळी कविता त्या कडव्यावर उभी आहे. सूर्याला मागे टाकलं म्हणता म्हणता ती शब्द फिरवते: खरं तर तोच आम्हाला ओलांडून गेला. दव पडतं, हुडहुडी भरते, आणि अंगावर झिरझिरीत झगा नि जाळीचा खांदेपट्टा एवढंच. हे काढलं की उरते सभ्य माणसाबरोबरची फेरी. ठेवलं की कळतं, बाई केव्हाच थांबली आहे. पुढचं 'घर' म्हणजे जमिनीला आलेला फुगवटा, छप्पर जेमतेम दिसणारं. 1840 ते 1855 या काळात डिकिन्सन कुटुंब दफनभूमीला लागून राहत होतं. हे दृश्य तिला कल्पनेने रचावं लागलं नसणार.

माशीची कविता मात्र 1863 मधलीच. मरणाऱ्या बाईभोवती सगळे राजाच्या आगमनाची वाट बघत श्वास रोखून बसलेत आणि येते घरातली माशी, उजेड आणि तिच्या मधोमध. 1896 च्या पुस्तकात तिला 'काळ आणि अनंत'मध्ये बसवलं. मी तिला स्वयंपाकघराशेजारी ठेवेन.

मधमाश्यांबद्दल थोडक्यात: फार आहेत. दवाने झिंगून सूर्याला टेकणारी 1861 ची कविता झकास, पण तिच्यानंतरच्या काही क्लोव्हर (कुरणातलं रानफूल)-मधमाशी जोड्या मी सरळ पुढे ढकलल्या.

छंदाचं एक. बहुतेक कवितांना प्रार्थनागीतांची 8-6-8-6 अशी चाल आहे. अभंगाची अक्षरं मोजायची सवय असलेल्या कानाला ती पटकन लागते. यमक मात्र ऐनवेळी हुलकावणी देतं.

हस्तलिखितांची छायाचित्रं ऑनलाइन फुकट बघता येतात, ती जरूर उघडून बघा. ओळीत बारीक अधिकचिन्ह आणि पानाच्या तळाशी पर्यायी शब्द, त्यातला कुठला घ्यायचा हे तिने कित्येकदा ठरवलेलंच नाही. छापील आवृत्तीत हा घोळ दिसत नाही.

पुढचा टप्पा 1864 चा. डोळ्यांच्या उपचारासाठी तिला त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी महिनोन्‌महिने बोस्टनजवळच्या केंब्रिजला राहावं लागलं, आणि वह्या शिवणंही साधारण तेव्हाच थांबलं. उजेडाच्या प्रतिमा तिथून पुढे बदलतात का, हे तपासतोय. कुणी ते सुटे कागद आधीच वाचून काढले असतील तर सांगा, सुरुवात कुठून करू?