आजचं माझ्यावर

मेलबर्नला नवीन नोकरी लागली आणि दुसऱ्याच आठवड्यात शुक्रवारी सगळी टीम पबमध्ये जेवायला निघाली. लिफ्टमध्ये मॅनेजर म्हणाला, "माय शाउट." मला वाटलं ह्याला कोणावर तरी ओरडायचंय, आणि टीममध्ये नवीन मीच. अर्धा रस्ता मी सकाळच्या मेलमध्ये काय चुकलं ते आठवत चाललेय, आणि हा पठ्ठ्या थेट काउंटरवर गेला, सगळ्यांना चिकन पार्मा आणि बिअर, मला भाज्यांचा बर्गर सांगितला, कार्ड टेकवलं आणि मोकळा झाला. म्हणजे शाउट म्हणजे "आजचं माझ्याकडून". 1850 च्या दशकात इथे सोन्याच्या खाणी जोरात होत्या तेव्हापासूनचा शब्द आहे म्हणे, गर्दीत ओरडून सगळ्यांसाठी दारू मागवायची म्हणून शाउट.

तेव्हापासून मला नादच लागलाय ह्या वाक्यांचा. गंमत अशी की पैसे हा शब्द त्यात कुठेच येत नाही. "लेट मी गेट धिस", "आय हॅव गॉट धिस". अरे, देणार तू आहेस आणि क्रियापद घेण्याचं? मग "इट्स ऑन मी". आता मराठीत माझ्यावर काय असतं, तर आळ असतो, कर्ज असतं, नाहीतर सासरच्यांचा राग असतो. जेवण माझ्यावर आहे म्हटलं तर लोक टिश्यू आणून देतील. आपलं आपलं सरळ असतं, मी देतो, माझ्याकडून. "फुट द बिल" मात्र कळल्यावर आवडलं, हिशोबाची बेरीज कागदाच्या तळाला असते, म्हणजे पायाशी, म्हणून फुट.

पण खरा फरक शब्दात नाहीये, शब्दानंतर काय होतं त्यात आहे. आमच्याकडे सांगलीला बाबा आणि काका एकत्र हॉटेलात गेले की बिल म्हणजे कुस्ती. वेटर बडीशेपेच्या ताटलीत बिल आणतो, बाबांची दोन बोटं त्यावर पडलेली असतात, काका म्हणणार "दादा, शप्पथ आहे, राहू दे", बाबा म्हणणार "गप बस रे, मोठा कोण आहे", आणि एवढ्यात कळतं की काकांनी मघाशी हात धुवायला जातो म्हणून काउंटरवर आधीच पैसे भरलेत. मग घरी जाताना बाबा ती पाचशेची नोट चुलतभावाच्या शर्टाच्या खिशात कोंबणार. ह्यात पहिला नकार कोणी नकार धरतच नाही, दुसराही नाही, तिसऱ्यानंतर थोडा विचार होतो.

हे संस्कार घेऊन मी इकडे आले. पुढच्याच आठवड्यात आम्ही कॉफी प्यायला गेलो, नऊ जण, आणि मी सवयीने पर्स उघडून म्हटलं "लेट मी गेट धिस", मनात हिशोब असा की आता कोणीतरी अगं नको नको म्हणेल, थोडी ओढाताण होईल, मग सगळे आपापलं देतील. सगळे एका सुरात म्हणाले "चीअर्स!", म्हणजे इथलं थँक्यू. साडेपाच डॉलरची एक अशा नऊ कॉफ्या, म्हणजे आपले सत्तावीसशे रुपये. ती कॉफी मी अगदी शेवटच्या फेसापर्यंत प्यायले.

आणि पबमधला शाउट नुसता दिलदारपणा पण नसतो बरं का, तो पाळीचा हिशोब असतो. चार जण असतील तर चार फेऱ्या, प्रत्येकाची एक, आणि स्वतःची पाळी यायच्या आत घरी पळणारा माणूस वर्षभर लोकांच्या लक्षात राहतो. मी बिअर पीत नाही, लेमन लाइम बिटर्स घेते, पण पाळी आली की तीन बिअरचे पैसे निमूट देते. आपल्याकडची भिशी परवडली, तिथे निदान पैसे परत मिळतात. ह्या पाळीपायी माणसं गरजेपेक्षा जास्त पितात हे सरकारलाही कळलेलं. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, ब्रिटनमध्ये दुसऱ्याला दारू पाजायलाच बंदी आली होती, लंडनमध्येसुद्धा. जेवणासोबत पाजली तर चालायची. म्हणजे नुसतं "इट्स ऑन मी" म्हणून ग्लास पुढे केला तर गुन्हा! आमच्या काकांना जन्मठेपच झाली असती.

आपापलं द्यायचं असेल तर "गो डच". सतराव्या शतकात इंग्रज आणि डच तीन युद्धं लढले, त्या काळात इंग्रजीत डच नावाला जे काय काय टोमणे चिकटले त्याच्याच वळणावर हे गेलंय असं म्हणतात. तुर्की लोक ह्यालाच जर्मन पद्धत म्हणतात. कंजूस नेहमी दुसऱ्या देशातलाच असावा बहुतेक. आपलं टीटीएमएम बघा, तू तुझं मी माझं, कोणाच्या देशाला नावं ठेवायची गरजच नाही.

गेल्या वर्षी बाबा दोन महिने इकडे होते. शेजारच्या रिटायर्ड आजोबांशी त्यांची गट्टी जमली, दोघं रोज सकाळी फिरायला. जायच्या तीन दिवस आधी कॅफेत गेले, आजोबा म्हणाले "आय हॅव गॉट धिस", तोपर्यंत बाबा हात धुवायला म्हणून उठलेले होते. पुढचं सांगायला नको. आजोबा म्हणाले, "नेक्स्ट वन्स ऑन मी." बाबा म्हणाले, "येस येस, नेक्स्ट टाइम." आता आपल्याकडे पुढच्या वेळी तुम्ही हे हरलेल्याची समजूत काढायला म्हणतात. आजोबांनी ते वहीत लिहून ठेवल्यासारखं डोक्यात ठेवलं.

बाबा गेल्यावर दुसऱ्या शनिवारी आजोबा दारात. म्हणाले, तुझ्या वडिलांची एक कॉफी माझ्याकडे राहिलीय, चल, तुला देतो. मी केसांना तेल लावून बसलेली, तरी जायचं होतंच खरं तर, पण तोंडातून निघून गेलं, "नो नो, दॅट्स फाइन." आजोबा हसून म्हणाले "नो वरीज", आणि गेले.

रात्री बाबांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "दुसऱ्यांदा विचारलंच नाही त्यांनी?"