पुठ्ठ्याच्या टोपीचा बॉल

६ जानेवारी, रात्री

नाताळचं झाड उतरवलं. बाळ येशूच्या दर्शनाला निघालेले मागी लोक आज पोहोचतात; ते पोहोचेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही, ही आजीची शिस्त. झाड प्लास्टिकचंच, ३ फुटी, छत्रीसारखं मिटतं. दहा मिनिटांत खोक्यात गेलं. वेळ लागतो तो डब्याला. पप्पांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत अंड्यांचे ट्रे, प्रत्येक खळग्यात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला काचेचा बॉल. ११ आहेत. होते २१.

आज ट्यूबखाली नीट पाहिले आणि पोटात धस्स झालं. जुन्या आरशाला पडतात तसे काळे ठिपके. मोठ्या लाल बॉलची तर अर्धी चकाकी गेलीय, आतला मुलामा सुटून तळाशी भुकटी झालाय. या बॉलना चांदीच्या क्षाराचं द्रावण आतून फिरवून चंदेरी करतात, रंग तेवढा बाहेरून. टोपीच्या फटीतून दमट हवा आत शिरली की संपलं. नगरच्या कोरड्या हवेत त्यांना काही झालं नव्हतं. ठाण्यात माझ्याकडे आठच पावसाळे काढले. इथे जुलैत कमरेच्या पट्ट्याला बुरशी येते, मला कळायला हवं होतं. त्यात ते पुठ्ठ्याचे ट्रे, ओल पिऊन बसणारे.

डबा मी हट्टानं आणला. नगरचं घर रिकामं करताना ताई म्हणाली होती, "राहू दे माझ्याकडे, नाताळला येताच ना सगळे?" मी म्हटलं, तुला शिवणयंत्र मिळालं, आईच्या साड्या मिळाल्या. अशी भाषा. पप्पांना जाऊन महिनाही झाला नव्हता.

बॉल आजीचे. ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. एक अमेरिकन मिशनरी बाई कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा त्यांनी सामान वाटलं, त्यात हे आले. त्याआधी आमच्याकडे झाड म्हणजे वाळू भरलेल्या तेलाच्या डब्यात रोवलेली सुरूची फांदी, वर पिंजलेल्या कापसाचा बर्फ. घरात कुणी बर्फ पाहिलेला नव्हता, पण तो कमी पडला की आजी उशी उसवायची म्हणे. चांदणी मात्र आमच्या लहानपणीही घरचीच, दिवाळीच्या आकाशकंदिलासारखी कामट्या नि पतंगाच्या कागदाची.

एक बॉल जसाच्या तसा आहे. सगळ्यांत कळाहीन तोच. आरपार दिसणारा, अंगावर फिके हिरवे पट्टे, टोपी पत्र्याऐवजी पुठ्ठ्याची. आम्हाला वाटायचं, मूळ टोपी हरवली म्हणून आजीनं घरी केली असणार. ताई त्याला 'गरीब बॉल' म्हणायची आणि झाडाच्या मागे, भिंतीकडे लावायची. पुढे कधीतरी वाचनात आलं की दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेतल्या कारखान्यांनी असेच बॉल काढले होते, आत चांदी नाही, वर पुठ्ठ्याची टोपी. म्हणजे त्याच्यात गळण्यासारखं काही नव्हतंच. टोपी तेवढी मऊ पडलीय. उद्या उन्हात ठेवते.

आणि पप्पांचा बल्ब. ६० वॉटचा, उडालेला, लाल ऑइलपेंटमध्ये बुडवलेला, वरून पांढरे ठिपके. एका नाताळला माझ्या हातून निळा बॉल फुटला. मी रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा त्यांनी एका रात्रीत हा केला. आजीनं नाक मुरडलं होतं. पण तो तसा परका नाहीच. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं १९३९च्या सुमारास दिव्याचे बल्ब करणाऱ्या यंत्रावरच झाडाचे बॉल काढायला सुरुवात केली. पप्पांना हे कळलं असतं तर आजीला ऐकवल्याशिवाय राहिले नसते.

आत्ता ताईला फोन केला. "शनिवारी डबा परत घेऊन येते."

गप्प. मग, "काय झालं?"

सांगितलं सगळं. वाटलं, ओरडेल.

"किती राहिलेत?"

"अकरा."

"गरीब बॉल?"

"आहे."

"मग ये. एसटीत डबा वर ठेवू नको, मांडीवर घे. आणि बल्बपण आण."

बल्ब मी डब्यात ठेवलेलाच नव्हता. कपाटात, माझ्या ओढण्यांखाली होता. अजून तिथेच आहे.