आमची वाटचाल : साध्या डायपोलपासून दोन पोर्टांच्या क्रॉस डायपोलपर्यंत

आम्ही अँटेना बनवतो. सुरुवात एका पोर्टच्या, म्हणजे केबल जोडण्याची एकच जागा असलेल्या, साध्या डायपोलने (मध्यावर ऊर्जा दिलेल्या सरळ सळीच्या अँटेनाने) झाली. सळी थोडी लांब ठेवायची आणि व्हीएनएवर (अँटेनातून किती ऊर्जा परतते ते मोजणाऱ्या यंत्रावर) नजर ठेवून कापत आणायची, एवढ्यावर काम भागत असे. उपग्रहांच्या सिग्नलसाठी ४३५ मेगाहर्ट्झचे क्रॉस डायपोल (एकमेकांना काटकोनात ठेवलेले दोन डायपोल) मागितले जाऊ लागले, तेव्हा हे पुरेना. दोन्ही डायपोलांचा इंपिडन्स (सिग्नलला होणारा, ओहममध्ये मोजायचा विरोध) सारखा यायला हवा आणि एका पोर्टची ऊर्जा दुसऱ्यात गळता कामा नये. तेव्हापासून आधी मॉडेल, मग करवत.

एनईसी-२ या अँटेनाच्या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही डायपोल एकाच पातळीवर ठेवले, तर तारा मध्यावर छेदतात आणि येणाऱ्या आकड्यांना अर्थ राहत नाही. ६ मिलिमीटरच्या सळीसाठी आम्ही एक डायपोल १२ मिलिमीटर वर ठेवतो. स्रोत नेमका मध्यावर यावा म्हणून सेगमेंट (हिशेबासाठी तारेचे पाडलेले तुकडे) विषम, बहुधा १३. एका पोर्टला स्रोत, दुसऱ्याला ५० ओहमचा, म्हणजे केबलइतकाच, लोड (ऊर्जा जिरवणारा रोध). उंची वेगळी असल्याने दोन्ही सळ्यांची लांबी स्वतंत्रपणे ठरवावी लागते, मॉडेलमध्येही आणि टेबलावरही.

खालच्या रिफ्लेक्टरपासून (परावर्तकापासून) पाव तरंगलांबीवर, म्हणजे १७२ मिलिमीटरवर, रेझोनन्सला (जिथे इंपिडन्स निव्वळ रोध उरतो) साधारण ८५ ओहम मिळतात. उंची ११० मिलिमीटरच्या आसपास आणली की आकडा ५० जवळ येतो, बँडविड्थ मात्र आक्रसते. जागा असेल तर आम्ही हाच मार्ग धरतो. घटक जितके कमी, तितका तोटा कमी. उंची बदलता येत नसेल तर एल-नेटवर्क (इंपिडन्स जुळवणारी कपॅसिटर आणि कॉइलची जोडी): अँटेनाच्या बाजूला ३.६ पिकोफॅरड समांतर, केबलच्या बाजूला १५ नॅनोहेन्री एकसरीत. सोल्डर पॅडची स्वतःची कपॅसिटन्स धरली की कपॅसिटर थोडा लहानच लागतो. हे नेटवर्क बॅलननंतर (समतोल डायपोल आणि असमतोल केबल यांना जोडणाऱ्या भागानंतर) बसते, त्यामुळे ८५ चा आकडा गृहीत न धरता त्याच जागी कॅलिब्रेशन करून मोजावे. बॅलनमधल्या लाइनची लांबी तो आकडा बदलून टाकते.

बॅलनवर काटकसर करू नये. तो कमी पडला की केबलच्या शिल्डवरून प्रवाह परत वाहतो, केबल मुठीत धरताच एस११ चा (पोर्टवरून परतणाऱ्या ऊर्जेचा) आलेख सरकतो आणि आयसोलेशन (दोन पोर्टांमधला अलगपणा) कोसळते. मॉडेलमध्ये ते ४० डेसिबलच्या पलीकडे दिसते. हातात आलेल्या अँटेनात २५ मिळाले तर आम्ही समाधानी असतो. १५ वर आले तर सळ्यांना हात न लावता केबलचा मार्ग बघावा. दोन्ही केबली मध्यातून सरळ खाली उतरायला हव्यात, एखाद्या सळीला समांतर धावू नयेत.

सर्वात फसवा भाग ९० अंशांचा हायब्रिड, म्हणजे दोन्ही डायपोलांना ९० अंशांच्या फेज फरकाने सारखी ऊर्जा वाटणारा भाग. दोन्ही डायपोल सारखेच बिघडलेले असले, तरी परतलेली ऊर्जा त्याच्या चौथ्या पोर्टवरच्या ५० ओहममध्ये जिरते आणि इनपुटला रिटर्न लॉस (परतणारी ऊर्जा किती कमी आहे याचे माप) झकास दिसतो. म्हणून हायब्रिड काढून दोन्ही पोर्ट वेगवेगळे मोजल्याशिवाय आमच्याकडून माल बाहेर जात नाही. त्यापुढे फेज: १० अंशांच्या चुकीने अक्षीय गुणोत्तर (ध्रुवीकरण वर्तुळाकारापासून किती ढळले याचे माप) दीड डेसिबलवर जाते, आणि टेफ्लॉनच्या केबलमध्ये १० अंश म्हणजे जेमतेम १३ मिलिमीटर. दोन्ही केबली जोडीनेच कापायच्या आणि कनेक्टर बसल्यावर फेज पुन्हा मोजायची.