बेळगावला यमक घाव

परवा दुपारी जेवून लवंडलो होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून डफाची टकटक आली. खानापूरकडचा पाऊस डफाचं कातडं पार सैल करतो. मामा चुलीपुढं बसून डफ शेकत होता. जरा शेकायचा, बोटांनी वाजवून बघायचा, पुन्हा निखाऱ्यावर धरायचा. आणि नकळत गुणगुणत होता. चाल हळूहळू खाली उतरणारी. मी उठूनच बसलो, कारण मामाची चाल कधी खाली उतरतच नाही.

मामा शाहीर, तोही एका विषयाचा. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. मामाची झाडून सगळी गाणी त्या तारखेची, काळ्या दिनाच्या फेरीत म्हणायची. 'बेळगाव' आलं की पुढच्या ओळीत 'घाव' येणारच. आणि 'घाव' तार सप्तकातच घ्यायचा, कारण तो हळू म्हणून कुणाला पटणार? मग आधीची ओळही त्या चढाच्या बेतानंच बांधायची. लहानपणी आम्ही पोरं 'घाव' यायच्या आधीच ओरडायचो. मामाला ती दाद वाटायची.

मावसबहिणीच्या लग्नात त्याला मंगलाष्टक म्हणायला सांगितलं. पोरगी कोल्हापूरला दिलेली. शार्दूलविक्रीडित कसंबसं सांभाळत मामा शेवटच्या चरणाला आला, तर काय: लेक महाराष्ट्रात गेली, गाव मात्र इथंच राहिलं! मांडवात हशा पिकला. अक्षता मुठीतच राहिल्या. आजी तेवढी रडली, ती कशासाठी ते आजवर कळलेलं नाही.

"मामा, ही चाल कुठली रे?"

"कुठली नाही. अशीच."

"शब्द घाल की तिला."

"बघितलं घालून. घाव बसत नाही तिच्यात."

मग मी शहाणपणा केला. म्हटलं, सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व बघ. घर कन्नड, गाणं मुंबईत शिकले, आजारपणात देवासला गेले आणि माळव्याची लोकगीतं गळ्यात भरून घेतली. एका गावात, एका भाषेत अडकले नाहीत. बोलून झाल्यावर माझं मलाच आठवलं, की 'गीतवर्षा'त त्यांनी अख्खा कार्यक्रम नुसत्या पावसावर केला होता. म्हणजे विषय एकच. माझा मुद्दा तिथंच लंगडा पडला.

मामानं डफ उलटा करून पुन्हा निखाऱ्यावर धरला.

"त्यांचा पाऊस चार महिन्यांनी थांबत होता रे. आमचं कुठं थांबलंय?"

२००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. यावर मी काय बोलणार?

चाल मोबाइलवर घ्यावी म्हणून खोलीत गेलो. चार्जर सोडवून परत येईतो मामी चहाचं भांडं घेऊन चुलीपाशी उभी होती.

"उठा आता तिथनं. तुमचा डफ तापलाय, आमचा चहा राहिलाय."

मामा उठला. चाल विचारली, तर म्हणाला, "कुठली चाल?"