अक्षता, एलईडी आणि शटर

दादरचा हॉल, मुहूर्ताला अर्धा तास. स्टेजवर चाचणीचे फोटो काढून कॅमेऱ्यातच झूम केले, तर अंतरपाटाच्या पांढऱ्या कापडावर आडवे पट्टे; एक गुलाबीसर, एक हिरवट. कॅमेरा उभा धरला की पट्टेही उभे. म्हणजे प्रश्न शटर आणि दिव्यांचा होता.

मंगलाष्टकांत खटखट नको म्हणून मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर आम्ही बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर लावतो. त्यात सेन्सर (उजेड टिपणारी चिप) ओळीओळीने वाचला जातो आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत पूर्ण वाचायला सेकंदाचा तिसावा भाग तरी जातो. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावरचे साधे एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर 1/500 सेकंदावर ठेवलं तर काही ओळींना भरपूर उजेड मिळतो, काहींना जेमतेम. 1/100 किंवा 1/50 ला लुकलुक पूर्ण मावते, म्हणून प्रत्येक ओळीला सारखाच उजेड मिळतो.

इथे तेवढ्यानेही भागेना. रंगीत दिवे डिमरवर (उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) होते. डिमर एलईडीला फार वेगाने चालू-बंद करतो, तेही लाल, हिरवा, निळा वेगवेगळा. बऱ्याच कॅमेऱ्यांतली अँटी-फ्लिकर सोय (लुकलुक ओळखून शटर जुळवणारी) 100 आणि 120 हर्ट्झच ओळखते. असे पट्टे नंतर एडिटिंगमध्ये काढणं महाकठीण, कारण उजेडाबरोबर त्वचेचा रंगही बदललेला असतो. लाईटवाल्याला म्हटलं, "दादा, डिमर नको, पांढरा फुल ठेवा." पट्टे गेले.

उरल्या अक्षता. 1/100 ला हवेतला दाणा म्हणजे नुसती रेघ. म्हणून शेवटच्या 'सावधान'ला फ्लॅश वापरायचं ठरवलं आणि त्यासाठी मेकॅनिकल शटर घेतलं. सनई आणि टाळ्यांत त्याचा आवाज कोणाला ऐकू येतो? शटर 1/100, भिंगाचं छिद्र एफ 4, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 1600, म्हणजे फोटोत हॉलचा उजेड दीड स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड), फ्लॅश छताकडे वळवून 1/8 पॉवरवर. कमी पॉवरला फ्लॅशचा झोत हजारांश सेकंदापेक्षाही छोटा असतो, दाणा तोच गोठवतो. फुल पॉवरला झोत लांबतो आणि दाणा पुसट होतो. फिल्मवर सगळा रोल एकाच आयएसओवर काढावा लागे. आता मधल्या एका क्षणापुरता तो वाढवता येतो, हे मला डिजिटलचं सगळ्यात मोठं देणं वाटतं.

दाणे टोकदार आले, मागे उजेडाची बारीक शेपटी. ती मला आवडते, पडण्याची दिशा कळते. मात्र अक्षता टाकणाऱ्यांच्या घोळक्यात उभं राहू नये. फ्लॅशजवळचे दाणे पांढरेफटक होतात, कुंकवाचा रंग उरत नाही. स्टेजच्या बाजूची पायरी बरी.