‘पिल’ म्हटलं तरी ‘बिल’ का ऐकू येतं?

ऐरोली-महापे पट्ट्यात परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलणारी मराठी मुलं पुष्कळ. व्याकरण पक्कं, शब्दांची वानवा नाही, तरी ‘पिल’ म्हटलं की पलीकडे ‘बिल’ पोचतं. मग आवाज चढतो आणि पलीकडे पुन्हा ‘बिल’च.

इंग्रजीतल्या प, ट, क, च, फ, स, श या ध्वनींना फोर्टिस म्हणतात. ब, ड, ग, ज, व्ह, झ यांना लेनिस. शाळेतल्या कठोर-मृदू व्यंजनांशी ही वर्गवारी बरीच जुळते, पण ऐकणाऱ्याचा कान वेगळ्याच खुणा शोधतो. मराठी ‘ब’ म्हणताना ओठ उघडण्याआधीच गळा घुमू लागतो. शब्दारंभीचा इंग्रजी ‘ब’ बहुतेकदा तसा घुमत नाही. तिथे ‘प’ ओळखू येतो तो हवेच्या झोतामुळे. लीस्कर आणि अब्रॅमसन या भाषाशास्त्रज्ञांनी १९६४ साली ११ भाषांतली अशी व्यंजनं मोजली, त्यांत मराठीही होती. इंग्रजीच्या सुट्या शब्दांत आरंभीचे प, ट, क सुटल्यापासून गळा घुमू लागेपर्यंत सरासरी ५८, ७० आणि ८० मिलिसेकंद गेले. आपल्या साध्या ‘प’मध्ये एवढा वेळ जातच नाही. इंग्रजी ‘ब’मध्येही नाही. घोटाळा इथेच होतो.

हा झोत मराठी माणसाला नवा नाही. ‘टेन’ म्हणताना ठाण्याचा ठ आठवा, ‘कॅब’ला खारघरचा ख. ‘प’ला मात्र जपून. आपल्यापैकी बरेच जण ‘फ’ खालच्या ओठावर दात टेकवून म्हणतात, त्यामुळे ‘पिल’चं थेट ‘फिल’ होतं. दोन्ही ओठ पूर्ण मिटा, मग झोत सोडा. पंखा बंद करून टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर तीन-चार इंचांवर धरा. ‘पिल’ला ती फडफडली पाहिजे, ‘बिल’ला जेमतेम हलावी, आणि ‘स्पिल’लाही तेवढीच. ‘स’नंतर झोत येत नाही, नव्याने शिकलेले तो सगळीकडे घालतात आणि बोलणं उगाच फुसफुसतं. ‘पेपर’मधल्या दुसऱ्या ‘प’वर आघात नसतो, म्हणून तिथेही झोत नाममात्रच.

शब्दाच्या शेवटी झोताचा भरवसा नाही. ‘कॅप’ आणि ‘कॅब’ यांतला फरक मुख्यतः स्वर सांभाळतो: फोर्टिसच्या आधी तो आखडतो, लेनिसच्या आधी लांबतो. आपल्याकडे ‘ब’ ठसवायला ‘कॅब्ब’ म्हणतात किंवा मागे एक ‘अ’ चिकटवतात. दोन्ही टाळा. ‘कॅब’मधला स्वर ताणून ‘ब’ हलकेच सोडा, ‘कॅप’मधला झटकन तोडा.

फोनवर तर हे फारच महत्त्वाचं. साधी फोनलाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमधलाच आवाज नेते आणि ‘स’ची बरीचशी सळसळ त्याच्या वर असते. ‘प्राइस’ की ‘प्राइझ’, हे पलीकडच्याला मुख्यतः ‘आइ’च्या लांबीवरूनच कळतं. उच्चारवर्गांत ‘र’ वळवायला तासन् तास घालवतात आणि स्वराच्या लांबीचं नावही निघत नाही, हे मला फार खटकतं.

सरावासाठी मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि प्राट या मोफत प्रोग्रॅममध्ये स्वराची लांबी मोजा. ‘कोट’ आणि ‘कोड’ एकाच वाक्यात, एकाच वेगाने म्हणा. ‘कोड’मधला ‘ओ’ दीडपटीच्या आसपास भरला पाहिजे. शब्द वाक्याच्या शेवटी ठेवा. मध्ये आला की हा फरक आपोआप कमी होतो आणि मोजणी फसते.