दुपारची सुट्टी

वैशाखात वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडचा पारा 45 अंशांच्या पुढे सरकला की आमच्या गावातली दुपार आपोआप बंद होते. बारानंतर दारे लोटलेली असतात, कूलरमध्ये पाणी टाकून झालेले असते आणि ज्यांच्याकडे कूलर नाही ते छपरीत फरशीवर पाणी मारून किंवा निंबाखाली बाज टाकून पडलेले असतात. या वेळी कोणी कोणाचे दार वाजवत नाही. विश्रांतीसाठी वेळ कसा काढावा, हा प्रश्न या दीड-दोन महिन्यांत इथे कोणाला पडत नाही, कारण तो वेळ कोणी काढलेलाच नसतो; उन्हाने तो साऱ्या गावाला वाटून दिलेला असतो. आम्हा शिक्षकांनाही त्यात वाटा मिळतो. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते आणि उर्वरित महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडल्या, तरी विदर्भातल्या शाळांची घंटा उशिराच वाजते.

मृग लागला की हे सारे संपते आणि मग विश्रांती ही ज्याची त्याने मिळवायची वस्तू होऊन बसते. माझी अडचण तिथून पुढची आहे. आपण एकट्याने ठरवलेली विश्रांती टिकत नाही, कारण ती मोडायला कोणाचीही एक हाक पुरते; सगळ्यांनी मिळून घेतलेली विश्रांती मात्र टिकते, असे मला गावात राहून दिसत आले आहे. जुन्या लोकांनी हे ओळखले असावे. आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्याकडे शेतमजूर कामाला जात नाहीत. आठवडाभराची मजुरी हातात पडलेली असते, तेल-मीठ आणायचे असते, आणि मालकालाही ते इतके अंगवळणी पडलेले असते की त्या दिवशी निंदणाला बाया बोलावण्याचे त्याच्या मनातही येत नाही. हा दिवस कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. तो गावाने गावाला दिलेला आहे.

पोळ्याचेही तसेच. डवरणी, म्हणजे बैलांची कोळपणी, आणि निंदण बहुतेक आटोपलेले असते, पीक अजून काढणीला आलेले नसते, आणि कामाच्या या फटीत श्रावणातली अमावस्या येते. आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू पेललेल्या खांद्यांना पळसाच्या पानाने हळद आणि लोणी किंवा तूप लावून ते शेकतात आणि बैलाच्या कानाशी ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ असे म्हणतात. दुसऱ्या दिवशी कोणाच्याच बैलाच्या मानेवर जू चढत नाही. एखाद्याने ‘माझ्या चार ओळी राहिल्या आहेत, तेवढ्या डवरून घेतो’ असे म्हटले, तर त्याला गावात तोंड दाखवणे अवघड जाईल. ट्रॅक्टरला असा दिवस नाही, आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोरालाही तो हळूहळू उरला नाही, ही गोष्ट मला खटकते. पण ट्रॅक्टर नको असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, कारण बैलजोडी पोसण्याचा खर्च मला ठाऊक आहे.

विश्रांती कोणाला परवडते, हे पाहायचे असेल तर कामाचा दाम कसा ठरतो ते पाहावे. निंदणाला बाया रोजाने जातात. दुपारी सुट्टी होते, बांधावरच्या झाडाखाली फडकी सुटतात, भाकरीबरोबर कोणाची चटणी, कोणाचे लोणचे फिरते, आणि जेवण झाल्यावर डोक्याखाली हात घेऊन थोडा वेळ कलंडण्यात कोणालाही गैर वाटत नाही. त्याच बाया दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला जातात तेव्हा मजुरी किलोवर असते. झाड तेच, सावली तीच, पण जेवण पाच मिनिटांत उरकते, कारण आडवे झालेल्या प्रत्येक क्षणाला ओटीतला कापूस कमी भरणार असतो. त्यांना कोणी उठवत नाही, काटाच उठवतो. सोयाबीनची सोंगणी एकराने घेतली की तिथेही हेच. शहरात संगणकापुढे बसून दर कामामागे पैसे मिळवणारी माझी भाची परवा फोनवर स्वतःची दिनचर्या सांगत होती, तेव्हा मला कापूस वेचणाऱ्या बायाच आठवल्या.

हिवाळ्यात तर रात्रही हातातून जाते. हरभऱ्याला आणि गव्हाला ओलित करायचे, तर पंपाला लागणारी थ्री फेज वीज अनेक गावांत ठरावीक तासच येते आणि वेळापत्रकात कधी दिवस असतो, कधी रात्र. ऐन थंडीत, घर झोपेत असताना, बॅटरी घेऊन स्प्रिंकलरचे पाइप बदलायला निघालेली माणसे मी पाहते. ओलित नसेल तर रानडुकरे आणि रोही (नीलगाई) यांच्यासाठी जागल असतेच. ज्यांच्या शेतात सौर पंप बसला, त्यांना विचारले तर ते वीजबिलाचे आधी बोलत नाहीत, ‘आता रात्री घरी निजतो’ असे आधी सांगतात. मला हा त्या यंत्राचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

अशा जागलेल्या माणसाने दुपारी डोळे मिटले तर त्याला आळशी म्हणण्याची आपल्याकडे घाई होते. चरकसंहितेने मात्र आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीने झोपेला शरीराचा आधारस्तंभ मानले आहे. एरवी दिवसा झोपू नये असे सांगणाऱ्या त्या ग्रंथाने ग्रीष्मात, रात्री लहान आणि शरीर कोरडे पडलेले असताना, दुपारची झोप मान्य केली आहे. शिवाय कामाने, ओझ्याने, चालण्याने थकलेल्यांना, म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना ती कोणत्याही ऋतूत मोकळी ठेवली आहे. ही यादी वाचताना आमचे अर्धे गाव तिच्यात बसते असे माझ्या लक्षात आले. आजचे शास्त्रही सांगते की दुपारी एक ते तीनच्या सुमारास शरीराच्या घड्याळानुसारच सतर्कता उतरते आणि वीसेक मिनिटांची डुलकी ती सावरते. त्याहून फार लांबली तर माणूस गाढ झोपेत शिरतो आणि मध्येच उठवल्यावर डोके जड वाटते. आमचे सासरे जेवल्यावर बाजेवर बसल्या-बसल्याच डोळे मिटतात, पुरते निजत नाहीत, आणि चहाच्या आधी उठतात. त्यांनी कोणते शास्त्र वाचले असेल असे वाटत नाही.

या साऱ्या वाटपात बाया कुठे आहेत, हे विचारले की उत्तर अवघड होते. बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी असली तरी पाण्याला, चुलीला आणि धुण्याला नसते. उलट साठलेली कामे त्याच दिवशी निघतात. पोळ्याला बैल बसतो आणि पुरण वाटणारीचा खांदा भरून येतो. वैशाखातल्या त्या सामूहिक दुपारीसुद्धा पहाटेपासून कुरड्या, सरगुंडे, शेवया घालून ती आडवी होते, आणि मग वाळवणावर लक्ष ठेवण्यासाठी एक डोळा उघडा ठेवते.

आमच्या जिल्ह्यातल्या सेवाग्रामला गांधीजी 1936 साली राहायला आले, तेव्हाही त्यांचा सोमवारचा मौनाचा नेम सुटला नाही. देशभरातून माणसे येत, पत्रांचे ढीग पडत, तरी त्या दिवशी ते बोलत नसत आणि अगदी गरजेचे तेवढे चिठ्ठीवर लिहीत. त्यामागची साधना मोठी आहे, मी तिच्यावर बोलणार नाही. मला त्यातली व्यवहाराची बाजू दिसते. तो दिवस जाहीर होता. येणाऱ्याला आधीच ठाऊक असे, त्यामुळे प्रत्येकाला वेगळा नकार द्यावा लागत नसे आणि कोणाचा रुसवाही ओढवत नसे.

म्हणून मी आमच्या बचत गटात एक प्रस्ताव मांडला. गटाची बैठक बाजाराच्या दिवशी दुपारी दोनला होते. ती तिथून हलवावी, आणि दोन ते तीन या वेळात गटातल्या कोणीही कोणाच्या घरी जाऊ नये, फोन करू नये, हप्त्याचे विचारू नये. हसण्यावारी जाईल असे वाटले होते, पण बऱ्याच जणींनी तो उचलून धरला. एकीने तर घरच्या माणसांनाही हा ठराव वाचून दाखवायचा, असे रजिस्टरमध्ये लिहायला लावले. मग बैठक कधी घ्यायची, यावर चर्चा रंगली. संध्याकाळी स्वयंपाक असतो, सकाळी शेत असते. शेवटी जेवणे झाल्यावर रात्री आठ वाजता घ्यावी असे जवळजवळ ठरले होते, तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या, गटात सर्वांत वडील असलेल्या काकूंनी विचारले, ‘‘आठ वाजता बैठक, मंग भांडे कोन घासन?’’

रजिस्टरमध्ये ती ओळ अजून कोरी आहे. पुढच्या बैठकीला नवऱ्यांनाही बोलवावे, असा नवा प्रस्ताव आला आहे.